सरकारला न दुखावता व्यक्त कसे व्हावे

राज्यघटनेच्या कलम १९(१)(अ) ने तुम्हाला अभिव्यक्तिस्वातंत्र्य दिले आहे. शाळेत तुम्ही हे घोकले असेल. घोटाळा असा झाला की बहुतेकांनी घोकंपट्टी तिथेच थांबवली आणि मोठे झाल्यावर थेट फेसबुक उघडले. १९(२) कुणी वाचलेच नाही. त्यात वाजवी निर्बंधांची यादी आहे. घटना लागू होऊन दीड वर्ष होते न होते तोच, १९५१ च्या पहिल्याच दुरुस्तीत, ती यादी ऐसपैस करून घेण्यात आली. तेव्हा ना मोबाइल होता ना मीम. सरकारला तापदायक वाटणारी म्हणजे दोन-चार साप्ताहिके. तरी एवढी दूरदृष्टी!

तेव्हा बोला, अवश्य बोला. आपल्याकडे बोलायला बंदी नाही. फक्त बोलल्यानंतर काय काय होऊ शकते याची थोडी माहिती असली की माणूस आपोआप मोजके बोलतो, आणि पुढे पुढे तर बोलायचे काही सुचतच नाही. इथवर पोचलात की तुम्ही सुरक्षित.

सुरुवात हाताच्या अंगठ्यापासून करू. शरीराचा सर्वात बेजबाबदार अवयव तोच. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद पडली. तेव्हा ठाणे जिल्ह्यात असलेल्या पालघरमधल्या एका तरुणीने या बंदबद्दल फेसबुकवर प्रश्न विचारला. तिच्या मैत्रिणीने काहीच विचारले नाही, नुसते लाइक केले. अटक दोघींना झाली. यातून घ्यायचा बोध म्हणजे मैत्रिणी निवडताना त्यांचे राजकीय मत बघू नका, त्यांना प्रश्न पडतात का ते बघा. आणि लाइक करायचेच असेल तर मंत्र्यांच्या वाढदिवसाचे फलक आहेत, नव्या पुलाच्या भूमिपूजनाचे फोटो आहेत, त्याच पुलाच्या लोकार्पणाचे आहेत, दुरुस्तीचेही येतील. अंगठ्याला कामाची ददात नाही.

त्या काळी माहिती तंत्रज्ञान कायद्यात ६६अ नावाचे एक कलम होते. २००८ च्या दुरुस्तीने आलेले. अतिशय आक्षेपार्ह संदेश, त्रास देण्यासाठी पाठवलेला मजकूर, गैरसोय करणारा मजकूर, अपमान करणारा मजकूर, अशा सगळ्यांचा त्यात समाचार होता आणि कैद तीन वर्षांपर्यंत. फॅमिली ग्रुपवर रोज पहाटे येणारे गुलाबाचे फूल या व्याख्येत चपखल बसते, पण गुलाबासाठी कुणी आत गेल्याचे ऐकिवात नाही. आत गेले ते जादवपूर विद्यापीठाचे एक प्राध्यापक. त्यांनी एप्रिल २०१२ मध्ये मुख्यमंत्री ममता बॅनर्जींवरचे एक व्यंगचित्र ईमेलने पुढे पाठवले होते. काढले नव्हते, पाठवले होते. जानेवारी २०२३ मध्ये न्यायालयाने त्यांना दोषमुक्त केले. मधल्या काळात, २०१५ मध्ये, खुद्द ६६अ हे कलमच सर्वोच्च न्यायालयाने रद्द केले होते. कलम आधी सुटले, प्राध्यापक नंतर.

म्हणून सांगतो, शिक्षेला घाबरू नका. शिक्षा क्वचितच होते. तुम्ही तारखांना घाबरायला शिका. गुन्हा दाखल होतो, फोन जप्त होतो, ऑफिसात कुजबुज सुरू होते, घरचे म्हणतात ‘तुला कुणी सांगितलं होतं?’, वकील म्हणतो ‘केस मजबूत आहे, पण वेळ लागेल’. शेवटी निर्दोष सुटका झाली की सगळे अभिनंदन करतात. एवढे स्वस्त आणि टिकाऊ नियमन जगात दुसरे नसेल. सरकारला निकाल जिंकावा लागत नाही, नुसता खटला चालवावा लागतो. तोही फार जोरात नाही.

आता व्हॉट्सअ‍ॅप. अ‍ॅडमिन असाल तर आजच राजीनामा द्या. २०२० च्या मे महिन्यात, टाळेबंदीत, मुंबई पोलिसांनी जमावबंदीच्या कलमाखाली एक आदेश काढला होता. सरकारी यंत्रणेबद्दल आणि साथ रोखण्याच्या तिच्या उपायांबद्दल अविश्वास निर्माण करणारा मजकूर पसरवायचा नाही, आणि ग्रुपवर असे काही आले तर जबाबदार कोण, तर अ‍ॅडमिन. अविश्वास! साथीच्या काळात खाट मिळेल की नाही याबद्दल सुद्धा विश्वासच वाटायला हवा होता. पुढे २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने गोंदियाच्या एका प्रकरणात सांगितले की सदस्य काय लिहिणार हे अ‍ॅडमिनला आधी कळत नाही, त्यामुळे नुसता अ‍ॅडमिन आहे म्हणून त्याला गुन्हेगार ठरवता येणार नाही. पण इतका निकाल वाचायला वेळ कुणाला आहे? दहावी ‘ब’च्या ग्रुपचे अ‍ॅडमिनपद सरळ त्या मित्राकडे द्या ज्याचा मेहुणा पोलिसात आहे.

फॉरवर्डबद्दल तर आणखीच जपा. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या २०२१ च्या नियमांनुसार गंभीर गुन्ह्यांच्या तपासात मेसेजिंग कंपनीला मूळ प्रेषक शोधून द्यायला सांगता येते. व्हॉट्सअ‍ॅप त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेले, तो भाग वेगळा. गंमत पुढेच आहे. मजकूर परदेशातून आला असेल तर भारतात तो ज्याने प्रथम पाठवला तोच मूळ प्रेषक मानायचा. म्हणजे न्यू जर्सीतल्या मावसभावाने ढकललेला मजकूर तुम्ही इकडे पहिल्यांदा ढकललात की कायद्याच्या दृष्टीने त्याचे जनक तुम्ही. आयुष्यात स्वतःचे एक वाक्य न लिहिता लेखक व्हायची ही संधी आहे, पण मी म्हणेन सोडा.

तुमची पोस्ट गायब झाली तर ‘सरकारने काढली’ असे चुकूनही म्हणू नका. सरकार असे करत नाही. सरकार फक्त कंपनीला कळवते. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ७९ कंपनीला संरक्षण देते. वापरणारे काय लिहितात त्याचे खापर तिच्यावर फुटत नाही. पण कळवूनही मजकूर ठेवला तर ते संरक्षण जाते. २०२१ च्या नियमांनी त्यासाठी ३६ तास दिले आणि कंपनीला भारतात एक मुख्य अनुपालन अधिकारी नेमायला लावला, जो कुचराई झाल्यास जातीने जबाबदार. आता त्या अधिकाऱ्याच्या खुर्चीत बसून बघा. समोर तुमची खड्ड्यांवरची चारोळी. ठेवली तर त्याच्यामागे कोर्टकचेरी, काढली तर तुमचे दोन चिडलेले मेसेज. तुमच्या चारोळीसाठी तो तुरुंगात जाईल असे वाटते? त्याला पगारात जे मिळते त्यात ते बसत नाही. चारोळी जरा सुमार होती, हेही त्याने पाहिलेले असते.

२०२४ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने ‘सहयोग’ नावाचे पोर्टल सुरू केले. त्यावरून निरनिराळ्या यंत्रणा कंपन्यांना थेट मजकूर काढायच्या सूचना देऊ शकतात. एक्सने (पूर्वीच्या ट्विटरने) त्याला कर्नाटक उच्च न्यायालयात आव्हान दिले आणि सप्टेंबर २०२५ मध्ये याचिका फेटाळली गेली. जगातल्या एका बड्या श्रीमंताच्या कंपनीची ही कथा. तुमच्याकडे दोनशे फॉलोअर आहेत, त्यातले निम्मे नातेवाईक.

‘पण मी खरे तेच लिहिले होते’ हा बचाव अननुभवी माणसाचा. खरे म्हणजे काय हे ठरवायचीही सोय करून ठेवली होती. २०२१ च्या त्याच नियमांत एप्रिल २०२३ मध्ये झालेल्या दुरुस्तीने केंद्र सरकारला स्वतःचा फॅक्ट चेक कक्ष नेमायचा अधिकार मिळाला. केंद्राच्या कुठल्याही कामकाजाबद्दल खोटे, बनावट किंवा दिशाभूल करणारे काय, हे हा कक्ष सांगणार. परीक्षार्थीने स्वतःचाच पेपर तपासायचा, आणि गुण कमी वाटल्यास तक्रार करणाऱ्याची वही फाडायची, अशी ही सुबक रचना. विनोदवीर कुणाल कामरा आणि इतर काही जण मुंबई उच्च न्यायालयात गेले. जानेवारी २०२४ मध्ये दोन न्यायमूर्तींची दोन मते पडली. २० मार्चला सरकारने घाईने कक्षाची अधिसूचना काढली, दुसऱ्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली. सप्टेंबरमध्ये तिसऱ्या न्यायमूर्तींच्या मताने ती दुरुस्तीच घटनाबाह्य ठरली. विनोद करणाऱ्या माणसाला सत्यासाठी कोर्टात जावे लागले यात काही विसंगती दिसत असेल तर ती मनातल्या मनात बघा.

हे सगळे एका विशिष्ट पक्षाचे काम आहे असे वाटून तुम्ही पुढच्या निवडणुकीकडे डोळे लावून बसला असाल तर तेही सोडा. ६६अ आणले काँग्रेस आघाडीच्या सरकारने, त्याचा बचाव कोर्टात केला भाजपच्या सरकारने. पालघरची अटक झाली तेव्हा राज्यात काँग्रेस-राष्ट्रवादीचे सरकार होते. मे २०२२ मध्ये शरद पवारांवरची, दुसऱ्याच कुणाच्या नावाची कविता फेसबुकवर टाकल्याबद्दल एका अभिनेत्रीला महिनाभराहून अधिक काळ कोठडीत काढावा लागला, तेव्हा महाविकास आघाडीचे. विरोधी बाकांवर बसले की नेत्याला घटना तोंडपाठ असते. मंत्रालयाच्या लिफ्टमध्ये शिरला की सहाव्या मजल्यापर्यंत तो ती विसरलेला असतो. त्याच्या जुन्या भाषणांचे व्हिडिओ तुमच्याकडे असतील तर उगाच वर काढू नका. त्याचीच गैरसोय सर्वात जास्त होते.

लिहिण्याच्या शैलीबद्दलही बोलायला हवे. मराठीत प्रश्नचिन्ह फार धोकादायक. लोकमान्यांनी १८९७ मध्ये केसरीत विचारले होते, ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ त्याच वर्षी राजद्रोहाबद्दल त्यांना दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. ती दुसऱ्या मजकुरासाठी होती म्हणा, पण अशी सवय लागली की एका अग्रलेखावर थांबते थोडीच! आजच्या संपादकाने हेच कसे लिहावे? ‘सरकारचे डोके अत्यंत योग्य ठिकाणी असल्याचे तज्ज्ञांचे मत, ठिकाणाचा लवकरच विस्तार.’ खाली फीत कापतानाचा फोटो. आशय तोच, वाचणारा समजून घेतो, आणि न समजलाच तर उत्तम.

उपरोध मात्र टाळा. पोलीस ठाण्यात उपरोधाला वेगळा रकाना नसतो.

एवढे होऊनही कुणी अभिव्यक्तीचा विषय काढलाच, तर त्याला राईनपाडा ऐकवा. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या त्या गावात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना मुले पळवणारे समजून जमावाने ठार मारले. अफवा व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरत होत्या. हे ऐकवल्यावर समोरचा गप्प होतो, आणि व्हायलाच हवे, कारण यात थट्टा करण्यासारखे काही नाही. फक्त त्याने पुढे असे विचारू नये की, अफवा जिल्ह्याजिल्ह्यांत पसरत असताना त्या खोडून काढणारा पोलिसांचा माणूस गावच्या बाजारात का नव्हता, आणि व्यंगचित्र पाठवणारा सापडतो त्या चपळाईने अफवा पेरणारे का सापडत नाहीत. त्या पाच जणांच्या नावाने मागितलेले अधिकार चारोळीवाल्यावरच का खर्च होतात, हे तर मुळीच विचारू नये. विचारलेच तर विषय बदला. पावसाबद्दल बोला. पावसाबद्दल सुद्धा हवामान खात्याचा उल्लेख न करता.

तुमचे खातेच दिसेनासे झाले तर कारण शोधत बसू नका. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ खाली मजकूर रोखण्याचे २००९ चे नियम आहेत. त्यातला सोळावा नियम सांगतो की अशा तक्रारी आणि त्यांवरची कारवाई गोपनीय ठेवायची. माहिती अधिकारात अर्ज कराल तर गोपनीय असल्याचे कळेल. हीही माहितीच, दहा रुपयांत आणखी काय हवे?

आणि अगदीच वेळ आली, ठाणे अंमलदारापुढे बसवले गेलात आणि त्याने ६६अ लिहायला घेतले, तर चकित होऊ नका. कलम मार्च २०१५ मध्ये रद्द झाले, तरी त्याखाली गुन्हे दाखल होतच राहिले. जुलै २०२१ मध्ये हे ऐकून सर्वोच्च न्यायालयालाच धक्का बसला आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये पुन्हा सांगावे लागले की या कलमाखाली कुणावरही खटला चालवू नका. असे कसे होते, याचा खुलासा केंद्र सरकारचे तेव्हाचे सर्वोच्च वकील, अ‍ॅटर्नी जनरल के. के. वेणुगोपाल यांनी कोर्टात केला होता. कायद्याच्या पुस्तकात कलम अजून छापलेलेच आहे, रद्द झाल्याची नोंद तळटिपेत आहे, आणि पोलीस कलम बघतो, तळटीप बघत नाही.

त्यामुळे अशा वेळी घटना, मूलभूत हक्क वगैरे शब्द काढू नका. आवाज चढवू नका. नम्रपणे म्हणा, ‘साहेब, जरा पानाच्या खालच्या बाजूला बघता का?’ आणि जाताना वाचायचा चष्मा बरोबर न्या. त्यांचा घरी राहिलेला असतो.