खुलासा : लिंकन यांचं ते ‘फासावर लटकवा’ वाक्य

‘युद्धकाळात सैन्याचं मनोबल खचवणाऱ्या खासदारांना अटक करा, हद्दपार करा, नाहीतर फाशी द्या,’ असं अब्राहम लिंकन म्हणाले होते, हा फॉरवर्ड खोटा आहे. हे वाक्य 2003 सालच्या एका अमेरिकी लेखातलं. अवतरणचिन्हांच्या घोळात ते लिंकन यांच्या तोंडी गेलं.

खरं प्रकरण अमेरिकेच्या यादवी युद्धातलं, ओहायो राज्याच्या क्लेमेंट वॅलँडिगम यांचं. तेव्हा ते माजी खासदार होते. मे 1863 मध्ये युद्धविरोधी भाषणावरून सैनिकांनी मध्यरात्री दार फोडून त्यांना घरातून उचललं. लष्करी आयोगाने युद्ध संपेपर्यंत कैद सुनावली. लिंकन यांनी ती बदलून त्यांना शत्रूच्या, म्हणजे फुटून निघालेल्या दक्षिणेकडच्या राज्यांच्या हद्दीत सोडलं. फाशीचा प्रश्नच नव्हता.

या अटकेच्या निषेधाचे ठराव न्यूयॉर्क राज्यातल्या ऑल्बनीहून आले, ओहायोचं शिष्टमंडळही भेटलं. लिंकन यांनी दोघांनाही लेखी उत्तर दिलं. ऑल्बनीकरांना विचारलं : सैन्यातून पळून जाणाऱ्या भोळ्या शिपाई पोराला गोळी घालायची आणि त्याला फितवणाऱ्याच्या केसालाही धक्का लावायचा नाही? हा युक्तिवाद बिनतोड मुळीच नव्हता. पण ओहायोकरांना त्यांनी तडजोडही सुचवली : युद्धाला पाठिंब्याच्या तीन मुद्द्यांवर तुमच्यातल्या बहुसंख्यांनी सह्या करा, हद्दपारी रद्द करतो. त्यांनी नकार दिला.

1864 मध्ये वॅलँडिगम वेष पालटून परतले. लिंकन यांनी चक्क काणाडोळा केला.