पासपोर्टच्या फोटोत लेन्स चालत नाही? हा संदेश पुढे पाठवू नका

व्हॉट्सअ‍ॅपवर एक संदेश फिरतोय. त्याचा मथितार्थ असा: नव्या आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे पासपोर्टच्या फोटोत चष्मा आणि कॉन्टॅक्ट लेन्स दोन्हींवर बंदी आली आहे, लेन्स घालून फोटो काढला तर विमानतळावरचं मशीन डोळे ओळखत नाही, आणि ज्यांच्या जुन्या पासपोर्टवर चष्म्याचा फोटो आहे त्यांचा पासपोर्ट बाद. मी फोटो स्टुडिओ चालवतो. हा संदेश वाचून आलेली माणसं माझ्या आरशासमोर उभी राहून, हात न धुता डोळ्यात बोट घालून लेन्स काढायला लागतात. मला त्याची भीती वाटते, म्हणून हे लिहितोय.

आधी लेन्सचंच बघू. नंबरच्या पारदर्शक लेन्सवर भारत, अमेरिका, ब्रिटन यांपैकी कुणीही बंदी घातलेली नाही. घालण्याचं कारणही नाही. फोटोत दोन्ही डोळे उघडे, स्वच्छ आणि सावलीविना दिसले पाहिजेत, एवढीच मागणी असते. पारदर्शक लेन्स यातलं काहीच अडवत नाही. मी फोटो मोठा करून पाहतो तेव्हा कधीतरी बुबुळाच्या बाहेर, पांढऱ्या भागावर, लेन्सची केसाएवढी बारीक कड दिसते. ठरलेल्या आकारात फोटो आला की तीही दिसत नाही.

रंगीत लेन्सची गोष्ट निराळी. तपकिरी डोळे निळे किंवा हिरवे करणारी लेन्स लावून ओळखपत्राचा फोटो काढूच नये. ओळख पटवायच्या कागदावर डोळे आपलेच दिसायला हवेत. ती लेन्स घरूनच काढून या.

या संदेशाचा सगळ्यात जास्त त्रास केरॅटोकोनस असलेल्यांना होतो. या विकारात डोळ्याचा पारदर्शक पडदा पातळ होत शंकूसारखा पुढे येतो. आजार वाढला की चष्म्याने धड दिसत नाही, कडक लेन्स लावावी लागते. अशी एक मुलगी माझ्याकडे आली होती. संदेश वाचून तिने लेन्स घरीच ठेवल्या होत्या आणि आईचा हात धरून जिना चढली. कॅमेरा नेमका कुठे आहे ते तिला कळेना, त्यामुळे प्रत्येक फोटोत नजर भलतीकडे. लेन्स लावून पुन्हा यायला सांगितलं आणि फोटो पहिल्याच फटक्यात नीट आला. ज्या माणसाला लेन्सशिवाय रस्ता ओलांडता येत नाही त्याला ती काढायला लावणारा संदेश आपण विचार न करता पुढे ढकलतो, याचा मला राग येतो. आणि लेन्स काढायचीच असेल तर साबणाने हात धुऊन, कोरडे करून, लेन्सच्या द्रावणातच ठेवायची. नळाच्या पाण्यात कधीच नाही. त्यातून डोळ्याला गंभीर संसर्ग होऊ शकतो.

चष्म्याबाबत मात्र संदेशात अर्धं खरं आहे, आणि म्हणूनच लोक फसतात. अमेरिकेने 1 नोव्हेंबर 2016 पासून पासपोर्ट आणि व्हिसाच्या फोटोत चष्मा बंद केला. वैद्यकीय कारण असेल, उदाहरणार्थ नुकतीच डोळ्याची शस्त्रक्रिया झाली असेल, तर डॉक्टरांच्या सहीची चिठ्ठी जोडावी लागते. पण हा नियम जगाचा नाही. कॅनडात डोळे स्पष्ट दिसत असतील आणि काचेवर चमक नसेल तर नंबरचा चष्मा चालतो. ब्रिटन म्हणतं, शक्यतो घालू नका. घालावाच लागला तर काच रंगीत नको आणि डोळ्यांवर फ्रेम, चमक किंवा सावली नको. त्यामुळे मी पहिला प्रश्न विचारतो तो ‘कुठल्या देशासाठी?’ आणि दुसरा ‘पासपोर्ट की व्हिसा?’

आपल्याकडे तर मोठ्या माणसाला पासपोर्ट सेवा केंद्रात फोटो न्यावाच लागत नाही, तो तिथल्या काउंटरवरच काढतात. स्टुडिओतला फोटो लागतो तो चार वर्षांखालच्या बाळाचा. काउंटरवर चष्मा काढायला सांगितलं तर काढायचा. एक करा: आपला नंबर यायच्या थोडं आधीच काढून ठेवा, म्हणजे नाकावरचे वळ जातात. आणि उन्हात काळी होणारी काच असेल आणि चष्म्यासह फोटो काढायचा असेल, तर आत आल्यावर थोडा वेळ थांबा. अमेरिकेच्या व्हिसासाठी ‘चष्मा कॉम्प्युटरवर पुसून द्या’ असं सांगणारेही येतात. मी करत नाही. फोटोत असा फेरफार केलेला तिथे चालत नाही.

आता मशीन. पासपोर्टचा फोटो चेहऱ्याशी जुळवतात: डोळ्यांमधलं अंतर, नाक, जबडा. बुबुळाची नक्षी त्या फोटोतून कुणी वाचत नाही. आपल्या नव्या ई-पासपोर्टच्या चिपमध्येही चेहरा आणि बोटांचे ठसे असतात. हा गोंधळ बहुधा आधारमुळे झाला असावा. तिथे बुबुळांचं स्कॅनिंग खरोखर होतं. दुबई विमानतळावरही बुबुळ ओळखणारी यंत्रं आहेत, पण ती समोर उभ्या माणसाचा डोळा बघतात, पासपोर्टवरचा फोटो नाही. नक्षी छापलेली रंगीत लेन्स तिथे अडचण करू शकते. फोटोत चष्मा नाही म्हणून प्रवासात घालू नये असंही काही नाही. अधिकाऱ्याने सांगितलं तर क्षणभर काढायचा.

राहिला जुना पासपोर्ट. चष्म्याचा फोटो आहे म्हणून तो बाद होत नाही, छापलेल्या मुदतीपर्यंत चालतो. अमेरिकेनेही 2016 मध्ये चष्मा बंद करताना आधीचे पासपोर्ट मुदत संपेपर्यंत वैध ठेवले. तरी माझ्याकडे ज्येष्ठ जोडपी येतात, चांगला चालू पासपोर्ट हातात घेऊन, ‘नवा करायचाय’ म्हणत. छत्तीस पानी पुस्तिकेचे 1,500 रुपये, केंद्रावर फेरी, पोलीस पडताळणी लागली तर तीही. शिवाय जुन्या पासपोर्टवर मुलाकडे जायचा व्हिसा असेल, तर पुढे दोन्ही पासपोर्ट सांभाळत फिरायचं. त्यांना मी खुर्ची देतो, पासपोर्ट उघडून मुदतीची तारीख दाखवतो आणि फोटो न काढता घरी पाठवतो.