धरणाच्या पाझराला सिमेंट थापू नका

‘पुढे पाठवा, जीव वाचवा’ हा मेसेज पावसाळा आला की उगवतोच. त्याचं म्हणणं असं: मातीचं धरण कधी ना कधी फुटतंच, ते खेकडे पोखरतात, भिंतीखाली ओल दिसली की सिमेंटने बुजवा, वर झाडं लावा, आणि कोकणात एवढा पाऊस असताना धरणं हवीतच कशाला? माझ्या मावशीची वाडी अशाच एका छोट्या धरणाच्या खाली आहे. मेसेज वाचून तिथली पोरं सिमेंटची गोणी घेऊन पायथ्याशी पोचलीसुद्धा.

म्हणून आधी सिमेंटचंच बोलू. मातीच्या भिंतीतून पाणी थोडंफार झिरपतंच, आणि हे धरूनच ती बांधतात. मधे चिकणमातीचा गाभा, त्याच्या मागे वाळू-खडीची गाळणी, पायथ्याला दगडांचा निचरा. पाणी बाहेर यावं, माती येऊ नये, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप. हा निचरा तुम्ही लिंपून टाकलात की पाणी आत तुंबतं, खालचा उतार भिजून घसरतो, नाहीतर पाणी गाळणी नसलेल्या जागेतून वाट काढतं आणि माती सोबत नेतं. पाझराचं पाणी काचेच्या ग्लासात धरून बघा. नितळ असेल आणि धार वाढत नसेल तर नुसती नजर ठेवा. गढूळ आलं, तळाशी माती बसली, तर आतली भिंत वाहून चाललीय. तेव्हा सिमेंटची गोणी बाजूला ठेवा, तहसीलला आणि पाटबंधारे खात्याला फोन लावा आणि खालची घरं रिकामी करा.

खेकडे, घुशी बिळं करतात. बरं बाबा, मान्य. म्हणून तर बिळं वेळच्या वेळी बुजवायची असतात. पण २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं, भेंदवाडी वाहून गेली, वीसच्या आसपास माणसं गेली. तेव्हाच्या जलसंधारण मंत्र्यांनी खेकड्यांकडे बोट दाखवलं. गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती. तक्रार कागदावर पडून राहिली, यात खेकड्याचा काय दोष?

‘मातीचं म्हणजे फुटणारच’ म्हणणाऱ्यांनी पैठणला जाऊन यावं. जायकवाडीची भिंत मातीचीच आहे, १९७६ पासून उभी. मातीच्या भिंतीला खरं भय माथ्यावरून पाणी जाण्याचं, आणि सांडवा, म्हणजे जास्तीचं पाणी बाहेर सोडणारी वाट, त्यासाठीच असतो. तो वाहतोय म्हणून घाबरू नका. जास्तीचं पाणी साठावं म्हणून त्याच्या तोंडाशी वाळूची पोती रचणारे दिसले, तर मात्र जरूर घाबरा.

झाडं नकोतच. मुळं कुजली की भिंतीत नळ्या तयार होतात. गवत पुरे.

आणि धरणं कशाला? पावसाचं पाणी डोंगरउतारावरून बघता बघता समुद्राला मिळतं आणि मे महिन्यात टँकर येतो, म्हणून. वायंगणाला म्हणजे उन्हाळी भाताला, कलमांना आणि खालच्या विहिरींना पाणी कुठून येतं, तेही मेसेजवाल्याने सांगावं.

२०२१ च्या धरण सुरक्षा कायद्यात १० मीटरहून बुटकी भिंत बसतच नाही. तेव्हा पावसाळ्याआधी भिंत कुणी तपासली, काय आढळलं, याचा कागद ग्रामसभेत तुम्हालाच मागावा लागेल.