शिंपल्यांची ओळख परेड

दापोलीजवळ कर्द्याच्या किनाऱ्यावर शिंपले वेचायला अक्कल लागत नाही. वाकायचं, उचलायचं, खिशात टाकायचं. अक्कल लागते ती घरी परतल्यावर, पोरगी वही उघडून बसते तेव्हा.

"बाबा, हा कुठला?"

"शंख."

"आणि हा?"

"हाही शंखच. धाकटा."

"शास्त्रीय नाव?"

फोटो काढून ॲपला विचारलं. उत्तर आलं, 'मृदुकाय प्राणी'. हरवलेल्या माणसाची तक्रार द्यायला जावं आणि हवालदाराने 'सस्तन' एवढंच लिहून घ्यावं, तसं झालं.

मग पुस्तकं काढली. दोन झडपांचा शिंपला नुसता बाहेरून ओळखायचा नसतो म्हणे. आत बिजागरीपाशी बारीक दात असतात, ते बघायचे. रात्री टॉर्च दातात धरून मी शिंपल्याचे दात तपासत होतो. बायको म्हणाली, "स्वतःची दाढ दाखवायला सहा महिने वेळ मिळत नाहीये!"

बटणाएवढे चकचकीत शंख मी रंगांप्रमाणे मांडले: गुलाबी, राखाडी, पट्ट्यांचे. सगळे एकाच जातीचे निघाले, अंबोनियम व्हेस्टिएरियम. नक्षीदार कवडीचं तर वेगळंच. प्राण्यांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने 1758 मध्ये तिला सिप्रिया अरेबिका म्हटलं, आता ती मॉरिशिया अरेबिका आहे. नाव बदलल्याची जाहिरात गॅझेटात कुणी वाचली असल्यास कळवावे.

काही शिंपल्यांना एकेक गोल, सुबक भोक होतं. पोरीने दोरा ओवून माळही केली. ही भोकं नॅटिका कुळातली मांसाहारी गोगलगाय पाडते. आम्ल सोडून कवच मऊ करते, खरखरीत जिभेने घासते आणि आतला जीव फस्त करते. हे ऐकून पोरगी माळ टाकून देईल असं वाटलं होतं. ती शाळेत "या सगळ्या मर्डर केसेस आहेत" म्हणून मिरवून आली.

शेवटी दारावर येणाऱ्या कोळीण मावशींपुढे परात ठेवली. त्यांनी मिनिटात निकाल लावला. "या तिसऱ्या. हे खुबे. आणि हे खात नाहीत."

"पण यांचं नाव काय?"

"सांगितलं ना भाऊ, खात नाहीत!"

आईला फक्त दक्षिणावर्ती, म्हणजे पूजेतल्या उजव्या शंखात रस. शास्त्रज्ञ शंखाचं शिखर वर धरतात, तोंड उजवीकडे आलं की शंख उजवा. मी तसा धरून दाखवल्यावर आईचे हात जोडलेच गेले. मग तिने तो पूजेत धरतात तसा निमुळती चोच वर करून धरला. तोंड डावीकडे गेलं आणि आईचे हात खाली आले.

तोवर डब्याला वास सुटला होता. एका शंखाचा मालक आतच राहून गेला होता. तो कोण, हे ना ॲपने सांगितलं, ना पुस्तकाने. वहीत त्याच्या चित्राखाली पोरीने लिहिलं, 'नाव : बाबांना माहीत नाही. ओळखण्याची खूण : वास.'

बाईंनी त्यावर बरोबरची खूण केली आहे.