गेट नसलेलं रान

सुट्ट्या जवळ आल्या की कुणीतरी मेसेज टाकतंच, 'गाडी काढतोय, ताडोबा-पेंच-कान्हा एका दमात करायचंय, रूट सांग.' जा बाबांनो, खुशाल जा. पण कोकणात येतानाही तशीच अभयारण्यांची यादी हातात घेऊन येता, ते काही मला पटत नाही.

यादी आहेच म्हणा. कर्नाळा हायवेवरच आहे. फणसाड हे जंजिऱ्याच्या नवाबाचं शिकारीचं रान, १९८६ साली अभयारण्य झालं. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७चं, आणि मच्छीमारांचा त्याला विरोध. राष्ट्रीय उद्यानच हवं तर घाट चढून चांदोली. झालं, संपली यादी.

आता गंमत बघा. दक्षिण कोकणातलं बहुतेक रान सरकारचं नाहीच. ते कुणाच्या तरी सातबाऱ्यावर आहे, नाहीतर देवाच्या नावावर, म्हणजे देवराई. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासच्या किनाऱ्याला कुठलं आलंय अभयारण्य? कासवांची अंडी पूर्वी उकरून नेली जायची. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने हात घातला आणि गावाने ती राखायला घेतली. आता पाहुणे घराघरांत उतरतात. सकाळी किनाऱ्यावर घरट्यावर झाकलेली टोपली उचलतात, तेव्हा खाली मुठीत मावतील अशी काळपट पिल्लं वळवळत असतात. कधी टोपलीखाली नुसती वाळू. मग संध्याकाळी परत यायचं. सफारीसारखी जिप्सीवाल्यावर ओरडायची सोय नाही.

आणि सडे, म्हणजे जांभ्या कातळाची उघडी पठारं! रत्नागिरी-राजापूरचा सडा मे महिन्यात बघून पाहुणे म्हणतात, 'इथे काहीच नाही.' गणपतीच्या सुमारास या. पाणी साचलेल्या कातळावर सीतेची आसवं फुललेली असतात, निळी-जांभळी, नखाएवढी. बघायला उकिडवं बसावं लागतं. ही वनस्पती पाण्यातले बारीक जीव पकडून खाते, म्हणजे वाघ नाही तरी शिकारी आहेच. कशेळीचा कातळात कोरलेला हत्ती अशाच सड्यावर आहे. कोकणातली कातळशिल्पं २०२२ साली युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. पण आपल्या लेखी सडा म्हणजे पडीक. सुरुंग लावा, वरून माती ओता, हापूस लावा. आंबा मीही खातो, पण सगळेच सडे बागायतीला कशाला हवेत?

येताना सागरी मार्गाने या. दिघी, बाणकोट, दाभोळ, जयगड, फेरीबोटीसाठी थांबावं लागलं तर थांबा. खाड्यांवर पूल हवेतच, रात्री पेशंट घेऊन जाणाऱ्याला विचारा. फिरायला आलेल्याला कसली घाई? ओहोटी असेल तर कांदळवनाच्या चिखलात बघा, एक नांगी भलीमोठी असलेले खेकडे ती हलवत बसलेले असतात.

कासवाची पिल्लं मार्च-एप्रिलात, फुलं ऑगस्ट-सप्टेंबरात. एका ट्रिपमध्ये दोन्ही बसत नाही, तेव्हा रजा दोनदा टाका. सड्यावर गाडी घालू नका. आणि देवराईत ब्लूटूथ स्पीकर लावलात तर गाववाले हाकलून देतील, मी त्यांच्याच बाजूने उभा असेन.