वर्गातला प्रश्न शिक्षकाच्याच हातात द्या

कृतिसंशोधन, म्हणजे शिक्षकानं आपल्याच वर्गातला प्रश्न अभ्यासून त्यावर उपाय करून बघणं, म्हटलं की बहुतेक शिक्षकांना बी.एड.ची फाइल आठवते. गरज, उद्दिष्टे, पूर्वचाचणी, उत्तरचाचणी आणि शेवटी ठरलेलं 'प्रगती दिसून आली'. बाइंडिंग झालं की विषय संपला. याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण शिक्षकाच्या इतक्या हक्काचं दुसरं काम नाही.

आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या करवीर तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत तिसरीच्या बाईंनी काय केलं बघा. मुलं ५२ मधून २७ वजा करून ३५ लिहीत होती. एरवी लाल फुली पडते आणि वर आणखी दहा गणितं. बाईंनी एकेकाला जवळ बसवून विचारलं, "कसं केलंस, सांग बघू." पोरगं म्हणालं, "मोठ्यातनं बारकं वजा करायचं असतंय की, बाई. सातातनं दोन गेले, पाच." पोरगं निष्काळजी नव्हतंच, पहिलीत ऐकलेला नियम इमानानं पाळत होतं! मग काड्यांचे गठ्ठे सुटे करून दशकाचे एकक करणं सुरू झालं. दर शनिवारी तशीच पाच उदाहरणं आणि कुणाचं काय आलं याची वहीत नोंद. काहींना तरीही जमलं नाही, तेही बाईंनी लिहून ठेवलं.

हे संशोधनच आहे. शाळेचे प्रश्न शिक्षकांनीच अभ्यासावेत, हे अमेरिकेत स्टीफन कोरी यांनी १९५३ साली पुस्तक लिहून मांडलं. आणि शिक्षणाचा विचार आपल्याकडे काही नवा नाही; देशाच्या शिक्षणाचा अभ्यास करणाऱ्या कोठारी आयोगाचे सदस्य सचिव जे. पी. नाईक तर आपल्याच जिल्ह्यातले, बहिरेवाडीचे. ऊसतोडीच्या हंगामात फडावरनं येणारं पोर नेमकं कधी गैरहजर राहतं आणि परतल्यावर त्याचं वाचन कुठं अडतं, हे पुण्यात बसून कुणाला कळणार?

पण शिक्षकाला उसंत हवी. ऑनलाइन माहिती भरण्यातच दुपार जाते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शिक्षकांसाठी वर्षाला किमान ५० तासांच्या प्रशिक्षणाची तरतूद आहे. त्यातले काही तास स्वतःच्या वर्गाच्या अभ्यासासाठी धरावेत. आसपासच्या शाळांचं मिळून जे केंद्र असतं, त्याच्या शिक्षण परिषदेत परिपत्रकं वाचून झाल्यावर एका शिक्षकानं आपली नोंदवही उघडावी, बाकीच्यांनी प्रश्न विचारावेत. आणि उपाय फसला असं लिहिणाऱ्याला अधिकाऱ्यांनी बोल लावू नये. तसं झालं, तर 'प्रगती दिसून आली' हे वाक्य आपोआप कमी होईल.

आपल्या जिल्ह्यात कुणी अशी वही ठेवत असेल तर खाली जरूर लिहा. इयत्ता कोणती, प्रश्न काय, एवढं पुरे.