डोंगराची माती तलावात पोचवण्याची खात्रीशीर कृती

गावाच्या डोंगरावरची माती अजून डोंगरावरच असेल, तर कुठेतरी काम कमी पडतंय. साहित्य आयतं आहे. एक हेक्टर उतारावर 50 मिलिमीटर पाऊस झाला की 5 लाख लिटर पाणी पडतं. त्याला कुणी अडवलं नाही, तर माती वाहायला वेगळी मजुरी द्यावी लागत नाही.

सुरुवात पायथ्यापासून करा. 'माथा ते पायथा', म्हणजे आधी वरचा उतार बांधायचा आणि मग खाली यायचं, हे भिंतीवर रंगवायला ठीक आहे, पण माथ्यापर्यंत गाडी जात नाही आणि पाहुण्यांना धाप लागते. वरचा उतार उघडाच ठेवून खाली सिमेंट नालाबांध घाला. थोड्याच पावसाळ्यांत तो गाळाने भरेल आणि मग गाळ काढण्याचं वेगळं अंदाजपत्रक करता येईल.

वरून फारच रेटा आला आणि सलग समतल चर (उताराला आडवे, एकाच पातळीत राहणारे) खोदावेच लागले, तर मापात काटकसर नको, ते टेपने तपासतात. 60 सेंटिमीटर रुंद, 30 सेंटिमीटर खोल. म्हणजे मीटरमागे 180 लिटर पाणी. गडबड करायची ती 'समतल' या शब्दात, कारण तो टेपने मोजता येत नाही. तीन काठ्या, एक दोरी आणि एक दगड यांची, पातळी दाखवणारी ए-फ्रेम तासाभरात तयार होते, तेव्हा ती कुणी बनवण्याआधीच नजरेनेच चुन्याची फक्की मारून आखणी उरकून घ्या. चराचं एक टोक वीतभर खाली गेलं तरी पुरे. पाणी चरात मुरत नाही, चरातून पळतं आणि त्या टोकाला फुटतं. खालच्या चरांचीही टोकं त्याच रेषेत आणलीत, तर एका पावसात नवी घळ तयार. खोदलेली माती वरच्या अंगाला टाका, म्हणजे ती पुन्हा चरातच येते. (काही हौशी लोक ती खालच्या अंगाला, काठापासून थोडी जागा सोडून रचतात आणि वर स्टायलो नावाचा चारा पेरतात. त्यांची माती मग कुठेच जात नाही, बिचाऱ्यांची.)

ओहोळात आडवा रचायचा अनघड दगडी बांध हा मात्र खरा कसबाचा भाग. मध्ये उंच, कडेला बुटका, असा रचा. मध्य खोलगट ठेवला तर पाणी मधूनच सांडतं आणि काठ शाबूत राहतात. मध्य उंच असला की ते दोन्ही काठ कापत जातं. बांध जागेवर आणि ओहोळ त्याला वळसा घालून पुढे. असा बांध वर्षानुवर्षं टिकतो, फोटोतही चांगला येतो. काठात दगड शिरवू नका, पायाही खोदू नका. खालच्या अंगाला ढाळ न देता सरळ भिंत उभी करा, म्हणजे वरून पडणारं पाणी बुडाशीच उकरत राहील. मोठे दगड आत, बारके बाहेर. आणि दगड लांबून आणायचे कशाला? त्याच उतारावर मातीत रुतलेले पहारीने उचकटून काढा. त्यांनी धरून ठेवलेली मातीही त्याच खेपेत सुटते.

गवताची काळजी वणवा घेतोच. मार्च-एप्रिलमध्ये काडी लावा. नागड्या जमिनीवर जूनचे टपोरे थेंब थेट आपटले की वरचा थर थापल्यासारखा घट्ट होतो, मातीची तोंडं बुजतात आणि पाणी आत शिरायचं विसरतं.

शेतात फार सांगायला नको, बांध कोरण्याची कला पिढीजात आहे. फक्त नांगरट आणि पेरणी उताराला उभी करा, ट्रॅक्टर वळवायला सोपं जातं. उरलेल्या बांधाला दगडी सांडवा ठेवू नका. पाणी स्वतःची वाट स्वतः काढेल, बहुधा शेजाऱ्याच्या कपाशीतून.

ओढ्यात पोकलेन उतरवा आणि वाळू काढून तळाचा खडक लागेपर्यंत खोल जा. काठच्या विहिरींचं पाणी मग ओढ्याकडे झिरपतं आणि वाहून जातं. निघालेला मुरूम काठावरच ढीग करून ठेवा, पहिल्या पुरात तो परत आत येतो.

अभ्यासदौरा हवाच. हिवरे बाजारला जा, पाणी बघा, जेवा, सेल्फी काढा. तिथली चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, आणि पाण्याचा ताळेबंद मांडून मगच पिकं ठरवण्याची पद्धत, हे विषय निघाले की बस सुटायची वेळ झाली असं सांगा.

एवढं जमलं की माती तलावात पोचते. शासनाने 2017 मध्ये 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना आणलेलीच आहे. फुकट गेलेली माती तिथून ट्रॅक्टरने परत शेतात आणायची. डिझेलचे पैसे बाजूला काढा आणि ट्रॉली आत्ताच सांगून ठेवा, मे महिन्यात मिळत नाही.